महर्षी कर्वे यांची विद्यार्थिदशा

दरवर्षी निकाल लागले म्हणजे बेल्हे आणि आसपासच्या गावांतील काही मुले-मुली सामानाची पेटी घेऊन आळेफाट्यावर पुण्याच्या गाडीची वाट पाहत उभी राहतात. शाळेची शेवटची परीक्षा उतरलेली असते, कॉलेजात नाव दाखल झालेले असते. आईबापांच्या मुद्रेवर समाधान असते, आणि त्याच्या आड एक काळजीही असते. मार्क तर मिळाले. पण पाठीशी उभे राहून अभ्यास करवून घेणारे गुरुजी जेथे नाहीत, तेथे आपल्या मुलाचा निभाव लागेल काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या विद्यार्थिदशेकडे पाहिले असता पुष्कळ बोध होतो.

धोंडोपंतांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली या गावी झाला. त्यांचे बालपण दापोली तालुक्यातील मुरूड या समुद्रकाठच्या खेड्यात गेले. घरची स्थिती बेताची होती. गावच्या शाळेतील सोमण गुरुजी मोठे लोकहितदक्ष गृहस्थ होते. ते धोंडोपंतांकडून गावकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखववीत. स्वभावाने अत्यंत लाजाळू अशा या मुलास पाठ्यपुस्तकाबाहेरचे जग प्रथम तेथे दिसले. कॉलेजच्या शिक्षणाची पहिली तयारी ती हीच, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

१८७५ साली मराठी सहाव्या इयत्तेच्या सरकारी परीक्षेसाठी ते काही सोबत्यांसह साताऱ्यास निघाले. अंतर शंभर मैलांहून अधिक आणि वाटेत कुंभार्लीचा अवघड घाट. हा सर्व प्रवास त्यांनी पायी केला. परीक्षेस बसण्यास सतरा वर्षे पुरी असावी लागत. ती त्यांची झालीही होती. परंतु अंगाने किरकोळ असल्यामुळे ते लहान दिसले, आणि परीक्षा समितीच्या अध्यक्षांनी त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. शंभर मैल चालून आलेल्या त्या मुलाला आल्या वाटेने परतावे लागले. त्या परतीच्या वाटेवर त्याच्या मनाची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना ज्याची त्याने करावी. तथापि त्यांनी परीक्षेचा नाद सोडला नाही. पुढे कोल्हापुरास जाऊन त्यांनी ती दिली व ते उत्तीर्ण झाले.

इंग्रजी शिक्षणास त्यांना असा उशीर झाला. पुढे ते मुंबईस आले व मिशनऱ्यांच्या रॉबर्ट मनी हायस्कुलात दाखल झाले. १८८१ साली मॅट्रिकची परीक्षा ते उत्तीर्ण झाले, तेव्हा त्यांना तेविसावे वर्ष लागून संपत आले होते किंवा नुकतेच संपले होते. म्हणजे अनेकांचे कॉलेज ज्या वयात संपते, त्या वयात यांचे सुरू झाले. त्यांनी प्रथम विल्सन कॉलेजात व नंतर एल्फिन्स्टन कॉलेजात शिक्षण घेतले. शहरातील राहणीचा खर्च भागवण्यासाठी ते मुलांच्या शिकवण्या करीत. एकाच दिवसात स्वतःही शिकावयाचे आणि दुसऱ्यासही शिकवावयाचे, असा त्यांचा क्रम होता. शिकवणाऱ्यास विषय अर्धामुर्धा समजून चालत नाही. त्यामुळे ज्या शिकवण्या पोटासाठी धरल्या, त्यांनीच त्यांचे ज्ञान पक्के केले असले पाहिजे. १८८४ साली गणित हा विषय घेऊन ते बी. ए. झाले.

बाळमित्रहो, येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. धोंडोपंत असामान्य बुद्धीचे म्हणून गाजलेले विद्यार्थी नव्हते. पुढे गेलेल्या बरोबरीच्या मुलांकडे पाहून ते खंतावत बसले नाहीत आणि आपल्या उशिराची लाजही त्यांनी धरली नाही. कोणी सांगितल्यावाचून वेळेवर अभ्यासास बसणे, हातातल्या पैशाचा हिशेब ठेवणे आणि अपयश आल्यास पुन्हा परीक्षेस बसणे, या तीन सवयी त्यांनी कॉलेजच्या दारी सोबत आणल्या होत्या. मार्कांच्या कागदावर यांपैकी एकही लिहिलेली नसते.

स्वतःस जे कष्टाने लाभले ते त्यांनी दुसऱ्यास दिले. आप्तांपैकी मुर्डी गावचा रघुनाथ परांजपे हा हुशार मुलगा त्यांनी शिक्षणासाठी मुंबईस आणून आपल्यापाशी ठेवला. तोच मुलगा १८९९ साली केंब्रिज येथे सीनियर रँग्लर झाला व पुढे फर्ग्युसन कॉलेजाचा प्राचार्य झाला. खेड्यातील मुलास बुद्धीची वाण नसते. वाट दाखवणारे एक घर मात्र त्याला लागते.

१८९१ पासून १९१४ पर्यंत कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत होते. त्याच काळात, १८९६ साली, त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. आश्रम हिंगण्यास गेल्यावर कॉलेजचे काम आटोपून ते चिखल तुडवीत पायी तिकडे जात. साताऱ्याची वाट तुडवलेल्या पायांना हे चालणे नवे नव्हते. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. तेथे उच्च शिक्षण मातृभाषेतून देण्याची योजना होती, आणि इंग्रजीही शिकवले जाई. शाळा संपवून पुढे शिकू इच्छिणाऱ्या मुलींची वाट परक्या भाषेच्या भिंतीपाशी अडू नये, हा त्यातील हेतू. प्रारंभी विद्यार्थिनी बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. तरी कर्वे यांनी धीर सोडला नाही. १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न हा सन्मान मिळाला. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांचा देहान्त झाला.

पालकांनी मुलाच्या पेटीत कपडे व पुस्तके भरावीत, हे योग्यच होय. परंतु जाण्यापूर्वीच्या दोन महिन्यांत त्याला घरखर्चाचा हिशेब लिहू द्यावा, रोज एक वर्तमानपत्र वाचावयास लावावे आणि धाकट्या भावंडास शिकवण्याचे काम त्याच्याकडे सोपवावे. आणि पहिल्या परीक्षेत तो मागे पडलाच, तर त्याला साताऱ्याहून रिकाम्या हाताने परतलेल्या मुरूडच्या त्या मुलाची गोष्ट सांगावी.