कै. ताराबाई मोडक आणि मुलांचें वाचन

आमच्या धामणगांवच्या स्टेशनावर गाडींत बसावें, बडनेऱ्यास उतरावें आणि तेथून फांट्याच्या गाडीनें पुढें जावें म्हणजे अमरावती येते. हा प्रवास आमच्या विद्यार्थ्यांच्या व त्यांच्या वडील माणसांच्या नित्य परिचयाचा आहे. कोणी कोर्टकचेरीसाठीं जातो, कोणी दवाखान्यासाठीं, कोणी अंबादेवीच्या दर्शनास. परंतु महाराष्ट्रांतील लहान मुलांच्या शिक्षणास ज्या बाईंनीं नवें वळण लाविलें, त्या ताराबाई मोडक एके काळीं ह्याच अमरावतींत एका वकिलाच्या पत्नी म्हणून राहत होत्या, ही गोष्ट आमच्या वऱ्हाडांत फारशी कोणास ठाऊक दिसत नाहीं. यंदाच्या अंकांत त्यांचें चरित्र थोडक्यांत द्यावें असें आम्हीं योजिलें आहे. थोडक्यांत म्हणतों खरें, पण त्या निमित्तानें आमच्या मनांत बरींच वर्षें घोळत असलेली एक गोष्टही मध्येंच येणार आहे. वाचकांनीं ती सांभाळून घ्यावी.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजीं मुंबईंत झाला. त्यांचें माहेरचें आडनांव केळकर. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थनासमाजाच्या कार्यकर्त्यांपैकीं प्रमुख गृहस्थ होते. घरचें वळण सुधारकी. त्यामुळें मुलीनें शिकावें कीं नाहीं ह्याविषयीं त्या घरांत वाद झाला नाहीं. १९१४ सालीं ताराबाई मुंबई विश्वविद्यालयाच्या पदवीधर झाल्या. त्या काळीं पदवी घेतलेल्या हिंदी स्त्रिया किती थोड्या असत हें लक्षांत घेतलें म्हणजे ह्या यशाचें मोल कळेल.

पुढें अमरावतीचे वकील श्री. मोडक यांच्याशीं त्यांचा विवाह झाला आणि त्या वऱ्हाडांत आल्या. हा संसार मात्र टिकला नाहीं. १९२१ सालीं तो मोडला. दुसऱ्याच्या घरांत डोकावण्याचें आम्हांस प्रयोजन नाहीं. एवढेंच सांगतों, कीं पदरीं लहान मुलगी असतां, वयाच्या तिसाव्या वर्षाच्या आंतबाहेर, त्या काळच्या समाजांत एकटें उभें राहणें हें कांहीं लहानसहान धैर्याचें काम नव्हतें. राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापनविद्यालयाचें प्रमुखपद त्यांनीं स्वीकारलें. जागा मानाची होती, वेतन चांगलें होतें. पण तें सोडून १९२३ सालीं त्या भावनगरास गेल्या, आणि तेथें त्यांना आपलें खरें कार्य सांपडलें.

भावनगरास नानाभाई भट्ट यांनीं स्थापिलेली दक्षिणामूर्ति नांवाची संस्था होती. तींत गिजुभाई बधेका ह्या गृहस्थांनीं १९२० सालीं बालमंदिर काढलें होतें. हे मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसें शिकवावें ह्या विवंचनेंतून ते मॉंटेसरीबाईंच्या ग्रंथांकडे वळले व अखेर वकिली सोडून लहान मुलांतच रमले. गुजराथी लोक त्यांस मिशीवाली आई अशा अर्थाच्या नांवानें प्रेमानें ओळखीत. गिजुभाई व ताराबाई यांनीं मिळून १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली आणि शिक्षणपत्रिका हें मासिक चालविलें. मुलांस मारूं नये, भिववूं नये, बक्षिसाची लालूच दाखवूं नये, हें आज कोणीही बोलतो. त्या वेळीं तें वेडगळपणाचें वाटत असे.

आतां मॉंटेसरीबाईंविषयीं चार शब्द सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. बाई इटलीच्या. १८९६ सालीं त्या रोमच्या विद्यापीठांतून डॉक्टर झाल्या. आरंभीं त्यांच्याकडे आलीं तीं मुलें शहाणीं म्हणून नव्हे, तर मंदबुद्धि म्हणून समाजानें टाकून दिलेलीं होतीं. इतार व सेगॅं ह्या दोन फ्रेंच वैद्यांनीं अशा मुलांसाठीं पूर्वीं केलेले प्रयत्न बाईंनीं अभ्यासिले आणि लांकडाचीं मोठीं अक्षरें करवून मुलांच्या हातांत दिलीं. मुलानें अक्षरावरून बोट फिरवावें, त्याच वेळीं त्याचा ध्वनि उच्चारावा. अशा रीतीनें त्यांतील कांहीं मुलें वाचूं लिहूं लागलीं व धडधाकट मुलांच्या परीक्षेंत उत्तीर्णही झालीं. लोकांनीं आश्चर्य केलें. बाईंना मात्र उलटाच प्रश्न पडला: टाकाऊ ठरलेलीं मुलें जर निरोगी मुलांच्या बरोबरीस येतात, तर निरोगी मुलांस आपल्या शाळा इतकें मागें कां ठेवीत असाव्या? पुढें ६ जानेवारी १९०७ रोजीं रोममधील गरीब वस्तींत त्यांनीं पहिलें बालगृह उघडलें, आणि लांकडी अक्षरांच्या जागीं खरखरीत कागदाचीं अक्षरें आलीं. हीच पद्धति गिजुभाई व ताराबाई यांनीं देशी भाषांत आणिली.

योगायोग पाहा. मॉंटेसरीबाई ज्या वर्षीं डॉक्टर झाल्या, त्याच १८९६ सालच्या नोव्हेंबरांत इंग्लंडांतील प्रिंगल मॉर्गन ह्या डॉक्टरांनीं एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत वैद्यकीय पत्रांत छापली. मुलगा चलाख, खेळांत पुढें, गणितांत हुशार, दृष्टि उत्तम. पण वर्षानुवर्षें शिकवूनही त्याला साधें वाक्य वाचतां येईना, स्वतःचें नांवही धड लिहितां येईना. डॉक्टरांनीं ह्यास जन्मजात शब्दांधत्व म्हटलें. पुढें १९२५च्या सुमारास अमेरिकेंत ऑर्टन ह्या डॉक्टरांनीं अशा पुष्कळ मुलांची तपासणी केली, आणि त्यांच्या सहकारी ॲना गिलिंगहॅम ह्या शिक्षिकेनें पाहणें, ऐकणें, बोलणें व हातानें गिरवणें हीं सर्व एकत्र बांधून शिकविण्याची रीत बसविली. आज ह्या अवस्थेस डिस्लेक्सिया म्हणतात. दोष डोळ्यांत नसून बोललेल्या शब्दांतील ध्वनि वेगळे ओळखून ते अक्षरांशीं जोडण्याच्या मेंदूच्या कामांत मुख्यतः असतो, तो पुष्कळदां घराण्यांत चालत येतो, आणि बुद्धीशीं त्याचा संबंध नाहीं, हें आतां शास्त्रज्ञांनीं निश्चित केलें आहे.

ताराबाईंनीं डिस्लेक्सियाचें संशोधन केलें असें आम्ही म्हणत नाहीं. तें खरें होणार नाहीं. पण त्यांनीं जी अक्षरें बालकांच्या बोटांखालीं ठेविलीं, तीं मुळांत शिकूं न शकणाऱ्या मुलांसाठींच जन्मलीं होतीं, ही गोष्ट आम्हां शिक्षकांच्या सहसा ध्यानांत येत नाहीं.

आमच्याही आली नव्हती. वीसएक वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत एक मुलगा होता. बाप कापसाची गाडी घेऊन जिनांत येई तेव्हां हा पोरगा वजन आणि भाव ऐकून तोंडीं हिशेब सांगे व तो चुकत नसे. पेरणाऱ्याचा दाखला एकदां सांगितला, तर वाटेवर, खडकावर व कांट्यांत पडलेलें बीं ह्यानें क्रमवार दुसऱ्या दिवशीं परत सांगितलें. पुस्तक हातीं दिलें कीं मात्र त्यास घाम सुटे. घर ह्याचें धर होई, भात ह्याचा मात. आम्हीं त्यास आळशी ठरविलें. बांकावर उभें केलें, हातावर पट्टी मारली, एकच धडा दहा वेळां लिहावयास लाविला. त्यानें तो सुवाच्य अक्षरांत दहा वेळां उतरून आणला, आणि लिहिलेलें वाच म्हणतांच मान खालीं घातली. त्या वेळीं तरी आमचे डोळे उघडावयास हवे होते. दिवाळीच्या सुटीनंतर तो आला नाहीं. त्या पट्टीचा आवाज आम्हांस अजून ऐकूं येतो.

आपल्या बाळबोध लिपीची ख्याति अशी, कीं जसें बोलावें तसें लिहावें. मोठ्या माणसास तें खरें वाटतें. पण लहान मुलाच्या जागीं बसून पाहा. कि लिहितांना वेलांटी आधीं दिसते, तिचा उच्चार मागाहून येतो. काना उजवीकडे, मात्रा वर, उकार खालीं. र ह्या एका अक्षराचीं तर किती सोंगें! सूर्यांत तो डोक्यावर बसतो, प्रकाशांत पोटाला चिकटतो, राष्ट्रांत पायाखालीं जातो, आणि आमच्या वऱ्हाडाच्या नांवांतच तो असा लपून बसला आहे कीं मोठ्यांनाही तो काढतां येत नाहीं. ज्याचे कान ध्वनि सुटे करण्यांत आधींच कच्चे, त्या मुलाची येथें त्रेधा उडाली तर नवल कसलें?

पण चरित्राचा धागा सुटला. भावनगराहून ताराबाई मुंबईस परतल्या व दादर येथें शिशुविहारांत त्यांनीं मराठी मुलांसाठीं काम केलें. मॉंटेसरीचीं साधनें महाग. तीं शहरांतील सुखवस्तु घरांसच परवडत. ही पद्धति खेड्यांत नेल्यावांचून तिचें सार्थक नाहीं असें त्यांच्या मनानें घेतलें. गांधीजींच्या विचारांचाही त्यांत वांटा होता. १९४५ सालीं, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं, जेव्हां माणूस विसाव्याचे बेत करितो, त्या समुद्रकांठच्या बोर्डी ह्या खेड्यांत गेल्या व तेथें ग्रामबालशिक्षा केंद्र उघडलें. त्यांना अनुताई वाघ ही सहकारिणी लाभली. अनुताईंचा जन्म १९१० सालचा. बालपणींच विवाह व तेराव्या वर्षीं वैधव्य आलेल्या ह्या बाईंनीं पुढें सारा जन्म ह्या कार्यास वाहिला.

बोर्डीस शिंपले, गोटे, बिया, पानें हींच साधनें झालीं. जीं दलित वस्तींतील मुलें शाळेंत येत नसत, त्यांच्या अंगणांत शाळा गेली. मुलांना न्हाऊंमाखूं घालावें, केंस विंचरावे, गाणीं म्हणावीं, गोष्टी सांगाव्या. अक्षर पुष्कळ मागाहून. बालवाडी व अंगणवाडी हे आज घराघरांत रुळलेले शब्द ताराबाईंच्याच कार्यांतून आले आहेत. लहान लेकरांना दूर सारणाऱ्या शिष्यांवर प्रभु येशू रागावला, हें आम्ही ख्रिस्ती लोक लहानपणापासून ऐकतों. त्या अंगणांत तें आम्हांहून अधिक चांगलें कोणीतरी आचरलें होतें असें लिहितांना आम्हांस संकोच वाटत नाहीं.

१९५७ सालीं हें केंद्र डहाणूजवळील कोसबाडच्या टेकडीवर वारली लोकांत गेलें. तेथें मुलांना गुरें राखावीं लागत. म्हणून शाळाच गुरांमागें कुरणांत गेली. तिला कुरणशाळा म्हणत. धाकटें भावंड सांभाळावें लागतें म्हणून मोठी बहीण घरीं राही. तेव्हां पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच छपराखालीं आणून त्याला विकासवाडी हें नांव दिलें. मूल शाळेंत कां येत नाहीं, ह्याचें कारण मुलांत न शोधतां शाळेंत शोधावयाचें, अशी ही सारी विचारसरणी होती.

वारली मुलांची घरची बोली निराळी, पुस्तकाची मराठी निराळी. ही अडचण आम्हां वऱ्हाडच्या शिक्षकांस परकी नाहीं. आमचा विद्यार्थी घरीं शाया म्हणतो आणि पुस्तकांत शाळा पाहतो. डोयाला डोळा आणि पान्याला पाणी म्हणावें लागतें. ळ हें अक्षर त्याच्या आईच्या तोंडांत नाहींच. तें त्याला प्रथम फळ्यावर भेटतें. अशा मुलानें शाळा ह्यास शाया वाचलें, तर तो वाचण्यांत चुकला नाहीं. उलट अर्थ समजून त्यानें तो आपल्या भाषेंत आणला. ही बोलीची गोष्ट झाली, ती काळानें व सरावानें सुटते. घ आणि ध, भ आणि म ह्यांत चौथ्या पांचव्या इयत्तेपर्यंत घोटाळा होणें, जोडाक्षरापाशीं थबकणें, कालचा शब्द आज नवा वाटणें, ही गोष्ट वेगळी. दोहोंना एकच पट्टी लावणें हा अन्याय आहे, आणि तो आम्हीं केलेला आहे.

भारत सरकारनें १९६२ सालीं ताराबाईंना पद्मभूषण ही पदवी दिली. ३१ ऑगस्ट १९७३ रोजीं त्या निवर्तल्या. त्यांच्यामागें अनुताईंनीं १९९२ सालीं देह ठेवीपर्यंत कोसबाडचें काम चालविलें. ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनीं, २ ऑक्टोबर १९७५ रोजीं, सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली.

वाचनाच्या अडचणीकडेही आतां लोकांचें लक्ष गेलें आहे. १९९६ सालीं मुंबईंत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झालें. २०१६च्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यांत ह्या अवस्थेचा समावेश झाला. शालान्त परीक्षेंत अशा मुलांस जादा वेळ व इतर सवलती मिळतात. त्यासाठीं अधिकृत रुग्णालयाचें प्रमाणपत्र लागतें. तें मिळविण्यास वेळ जातो, म्हणून पालकांनीं दहावीची वाट पाहूं नये. आधीं मुलाचे डोळे व कान तपासून घ्यावे, मग आमच्याशीं बोलावें.

सुतार लांकूड घासतो त्या खरखरीत कागदाचीं घ, ध, भ, म आणि ळ हीं अक्षरें आम्हीं जाड पुठ्ठ्यावर चिकटवून वर्गाच्या कपाटांत ठेविलीं आहेत. ज्यांना पाहावयाचीं असतील त्यांनीं शनिवारीं शाळा सुटल्यावर यावें, आणि मुलास बरोबर आणावें.