हंबोल्ट आणि पेरूचे थंड पाणी

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, अलिबागच्या सहलीत. बीड जिल्ह्यातल्या मुलाचा समुद्राशी संबंध तो काय असणार? आमच्या घरी पाण्याचा विषय निघाला की तो बहात्तरच्या दुष्काळापाशी येऊन थांबतो. आजोबा तेव्हा सतरा-अठरा वर्षांचे होते. दुष्काळी कामावर फोडलेली खडी, सुकडी आणि परदेशातून आलेली ती लाल मिलो, एवढ्या तीन गोष्टींत त्यांचे तारुण्य संपते.

म्हणून, त्याच 1972 साली पेरू देशाच्या किनाऱ्यावरची मासळी एकाएकी नाहीशी झाली होती आणि या दोन्ही गोष्टींचा धागा एकाच महासागरात सापडतो, असे भूगोलाच्या सरांनी सांगितले तेव्हा मी चमकलो. वहीत एकच नाव लिहून घेतले : हंबोल्ट प्रवाह. हे नाव कुणा माणसाचे आहे, एवढीही मला तेव्हा कल्पना नव्हती.

अलेक्झांडर फॉन हंबोल्ट याचा जन्म 14 सप्टेंबर 1769 रोजी बर्लिनमध्ये एका सधन घराण्यात झाला. वडील लवकर गेले. आई शिस्तीची. मुलाने सरकारी अधिकारी व्हावे ही तिची इच्छा. मुलाचे चित्त मात्र दूरदेशी. फ्रायबर्ग येथे खाणविद्या शिकून त्याने काही वर्षे खाणींच्या खात्यात नोकरी केली. 1796 साली आई वारली, वारसाहक्काने मोठी रक्कम हाती आली आणि या गृहस्थाने नोकरीला रामराम ठोकला. पुढे ती सारी संपत्ती त्याने प्रवास, उपकरणे आणि ग्रंथछपाई यांत घालवली. आपल्याकडे अशा मुलाला घरबुडव्या म्हटले असते.

जून 1799 मध्ये बोंप्लां या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञासह तो स्पेनहून दक्षिण अमेरिकेकडे निघाला. ओरिनोको नदीचे जंगल त्याने पालथे घातले. 23 जून 1802 रोजी चिंबोराझो पर्वतावर तो सुमारे 19,000 फुटांपर्यंत चढला. या साहसांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला ओढ आहे ती त्यानंतरच्या, काहीशा कंटाळवाण्या वाटणाऱ्या महिन्यांची.

अँडीज उतरून तो पेरूच्या किनाऱ्यावर आला. विषुववृत्तापासून फार दूर नसलेला हा मुलूख. तेथे उकाडा आणि झाडी असावी अशी कुणाचीही अपेक्षा. प्रत्यक्षात समोर वाळवंट, डोक्यावर दिवसचे दिवस न हटणारे धुके आणि पाऊस जवळजवळ नाहीच. हंबोल्टने त्रुहियो आणि कायाओ या बंदरांजवळ पाण्यात तापमापक सोडला. पारा 16 अंश सेल्सिअसच्या आसपास थांबला. प्रवाहाच्या बाहेर, खुल्या समुद्रात हेच पाणी 26 अंशांच्या वर असे. किनाऱ्यालगत दक्षिणेकडून उत्तरेकडे एक थंड प्रवाह वाहतो आहे, हे त्याने प्रथमच आकड्यांत मांडले.

या प्रवाहाचा जहाजांना होणारा त्रास खलाशांना जुनाच ठाऊक होता. चिलीहून पेरूकडे येताना वारा आणि पाणी दोन्ही पाठीशी. उलट जाताना मात्र महिनेच्या महिने मोडत. सोळाव्या शतकात हुआन फर्नांदेस या नावाड्याने किनारा सोडून दूर पश्चिमेला वळसा घातला आणि चिलीचा रस्ता सुमारे महिन्याभरात कापला. त्याने चेटूक केले असा संशय लोकांनी घेतला, अशी आख्यायिका आहे. धुक्यात किनारा दिसत नसे, म्हणून बंदराचे नेमके स्थान माहीत असणे महत्त्वाचे. हंबोल्ट कायाओला थांबून राहिला तो त्याचसाठी. 9 नोव्हेंबर 1802 रोजी बुध ग्रह सूर्यबिंबावरून सरकणार होता. सुदैवाने त्या दिवशी सूर्य दिसला आणि त्या वेधावरून बंदराचे रेखांश निश्चित करता आले.

तेथेच त्याने ग्वानोने भरलेल्या होड्या पाहिल्या. ग्वानो म्हणजे समुद्रपक्ष्यांची विष्ठा. तिच्या उग्र वासाने त्याला शिंका येत, असे सांगतात. थंड पाण्यात मासळी अमाप, मासळीवर पक्षी अमाप, आणि पाऊस नसल्याने विष्ठेतले सत्त्व धुऊन जात नाही. बेटांवर तिचे शंभर फुटांहून उंच थर साचलेले. तेथील शेतकरी ते खत पिढ्यान्‌पिढ्या वापरत होते. हंबोल्टने नमुने युरोपात नेले, पॅरिसच्या रसायनशास्त्रज्ञांनी ते तपासले, आणि 1840 नंतर जहाजेच्या जहाजे भरून हे खत युरोपात जाऊ लागले. बेटे खरवडणाऱ्या मजुरांचे, विशेषतः फसवून आणलेल्या चिनी मजुरांचे, हाल कुत्रे खाईना असे झाले. आयुष्यभर गुलामगिरीचा निषेध करणाऱ्या माणसाच्या पिशवीतल्या चिमूटभर नमुन्याने हा व्यापार सुरू व्हायला हातभार लावला, हे मला अजून बोचते.

1804 साली तो युरोपात परतला. पुढची ओढ होती हिंदुस्थानची, हिमालयाची. त्यासाठी त्याने लंडनच्या वाऱ्या केल्या. प्रशियाच्या राजाने पैसेही देऊ केले. ईस्ट इंडिया कंपनीने परवानगी दिली नाही. स्पॅनिश वसाहतींतील जुलमावर त्याने जे लिहिले होते, तसे आपल्यावर लिहील ही भीती कंपनीला असावी, असे मानले जाते. त्याच्या शिफारशीने श्लागिन्ट्वाइट बंधू 1854 मध्ये मुंबईस उतरले, पण तो स्वतः कधीच आला नाही.

दरम्यान बर्गहाउस या नकाशाकाराने पेरूच्या प्रवाहाला हंबोल्टचे नाव दिले. हंबोल्टने हरकत घेतली. त्याचे म्हणणे असे, की चिलीपासून पाइतापर्यंतच्या कोळ्यांच्या पोरासोरांनाही हा प्रवाह तीनशे वर्षे माहीत आहे. आपण फक्त त्याची उष्णता मोजली. थोर माणसांच्या चरित्रांत नम्रता पुष्कळदा चरित्रकाराने घातलेली असते. येथे ती तक्रारीच्या रूपात आहे, म्हणून मला खरी वाटते. तक्रारीचा उपयोग मात्र झाला नाही. 6 मे 1859 रोजी, एकोणनव्वदाव्या वर्षी, तो बर्लिनमध्ये वारला. जवळ पैसा उरला नव्हता. होते ते सामान नोकराच्या नावे केलेले. नाव नकाशावर राहिले.

पाणी थंड का, याचे त्याचे उत्तर अपुरे होते. दक्षिण ध्रुवाकडून पाणी येते म्हणून, असे त्याला वाटले. ते खरे आहे, पण अर्धेच. किनाऱ्याला समांतर वाहणारा वारा आणि पृथ्वीचे परिवलन यांमुळे वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटले जाते आणि खोलातले थंड, क्षारयुक्त पाणी वर येते. त्यावर सूक्ष्म वनस्पती माजतात आणि त्यांवर आंचोवेता, म्हणजे कोकणातल्या मांदेलीच्या कुळातली मासळी, पोसली जाते. आपल्या केरळच्या किनाऱ्यावरही पावसाळ्यात असेच पाणी वर येते, आणि तारलीची मासेमारी बरीचशी त्यावरच चालते.

काही वर्षांनी हा पाळणा थांबतो. वारे मंदावतात, गरम पाणी पसरते. नाताळाच्या सुमारास येते म्हणून पाइताच्या कोळ्यांनी त्याला बाळ येशूचे नाव दिले : एल् निन्यो. म्हणजे हेही आधी कोळ्यांनाच ठाऊक. भारताच्या हवामान खात्याचे 1904 ते 1924 प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर मान्सूनचे भाकीत शोधता शोधता प्रशांत महासागराच्या दोन टोकांवरील हवेच्या दाबाच्या हेलकाव्यापर्यंत पोचले. 1969 मध्ये ब्येर्कनेस यांनी तो हेलकावा आणि हे गरम पाणी एकत्र जोडून दाखवले.

आणि तीन वर्षांत 1972 उजाडले. 1970 मध्ये एक कोटी वीस लाख टनांच्या वर असलेली पेरूची आंचोवेता 1973 मध्ये वीस लाख टनांच्या आसपास आली. बेसुमार मासेमारीही त्याला कारण होतीच. इकडे मराठवाड्यात पाऊस फिरकला नाही. प्रत्येक वेळी असेच होते असे नाही. 1997 चा एल् निन्यो प्रचंड होता, तरी देशातला मान्सून सर्वसाधारण राहिला. 2015 साली मात्र आमची विहीर तळाला गेली होती.

हे सगळे मी आजोबांना सांगितले. मासळी गेल्यावर त्या कोळ्यांना सरकारने काही काम काढून दिले होते का, एवढेच त्यांनी विचारले.