तूसँ लूव्हेर्त्यूर

समतेची घोषणा करणें सोपें. पण ती आपल्या लाभाच्या आड येऊं लागली म्हणजे पाळणें कठीण. हें ज्याच्या चरित्रावरून स्पष्ट कळतें अशा एका पुरुषाची हकीकत आम्ही आज वाचकांपुढें ठेवितों.

कॅरिबियन समुद्रांतील हैती हा देश अठराव्या शतकांत फ्रेंचांच्या ताब्यांत असून त्यास सँ-दोमँग म्हणत. तेथील ऊंस व कॉफीच्या मळ्यांत सुमारें ५ लाख आफ्रिकी गुलाम राबत असत. अशाच ब्रेदा नांवाच्या मळ्यावर सुमारें १७४३ सालीं तूसँचा जन्म झाला. तो जनावरांची निगा राखी, व पुढें मळ्याचा गाडीवान झाला. १७७६ पूर्वींच त्याची दास्यांतून सुटका झाली. परंतु त्याचे असंख्य बांधव बंधनांतच राहिले.

१७८९ सालीं फ्रान्समध्यें राज्यक्रांति झाली. राजा व सरदार ह्यांच्या जुलुमाविरुद्ध उठलेल्या लोकांनीं सर्व माणसें जन्मतः स्वतंत्र व समान आहेत असें जाहीर केलें. पण मळेवाल्यांच्या स्वार्थामुळें हें वचन गुलामांच्या झोपडीपर्यंत पोहोंचलें नाहीं. शेवटीं ऑगस्ट १७९१ मध्यें गुलामांनीं बंड केलें. तूसँ त्यांस मिळाला व पुढें त्यांचा सेनापति झाला. १७९३ सालीं बेटावरील फ्रेंच अधिकाऱ्यांस गुलामगिरी बंद करावी लागली, आणि ४ फेब्रुवारी १७९४ रोजीं पॅरिस येथील राष्ट्रसभेनें ती सर्व वसाहतींत रद्द केली. तोंवर स्पेनच्या बाजूनें लढणारा तूसँ त्याच वर्षीं फ्रान्सच्या निशाणाखालीं आला. पुढें इंग्रजांशीं त्यानें असा लढा दिला कीं १७९८ सालीं त्यांस बेट सोडून जावें लागलें.

त्याच्या चरित्रावरील डाग झांकणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. १८०० सालीं त्यानें हुकूम काढून मुक्त झालेल्या मजुरांस लष्करी शिस्तीनें पुन्हा मळ्यांशीं जखडलें. त्यांस उत्पन्नाचा वांटा ठरवून दिला होता खरा, पण मळा सोडून जाण्याची मोकळीक नव्हती. १८०१ सालीं कांहीं मजूर उठले, तेव्हां ज्यास तो पुतण्या मानी त्या मोईज नांवाच्या सेनानीस त्यानें गोळ्या घालविल्या. त्याच वर्षींच्या राज्यघटनेंत गुलामगिरी कायमची नष्ट केली, परंतु स्वतःस तहहयात गव्हर्नर नेमून घेतलें.

इकडे फ्रान्सची सत्ता नेपोलियनच्या हातीं गेली होती. त्यानें आपला मेहुणा लक्लेर ह्याजबरोबर धाडिलेलें मोठें सैन्य १८०२ सालीं बेटावर उतरलें. तुमचें स्वातंत्र्य अबाधित राहील असें लोकांस सांगण्यांत आलें. मे महिन्यांत तूसँनें शस्त्र खालीं ठेविलें. ७ जून रोजीं बोलणें करण्याच्या मिषानें बोलावून त्यास पकडण्यांत आलें. फ्रान्समधील जूरा पर्वतांतल्या थंडगार किल्ल्यांत ७ एप्रिल १८०३ रोजीं त्यानें प्राण सोडिला.

दरम्यान ग्वादलूप बेटांत गुलामगिरी पुन्हा सुरू झाल्याची बातमी आली. तेव्हां फ्रेंचांस शरण गेलेले सेनानीही उलटले, आणि १ जानेवारी १८०४ रोजीं हैती स्वतंत्र झाला. तरी १८२५ सालीं फ्रान्सनें मान्यतेच्या मोबदल्यांत १५ कोटी फ्रँक मागितले; ज्यांनीं गुलामी सोसली त्यांच्याच वंशजांस मळेवाल्यांची भरपाई करावी लागली.

वाचकहो, क्रांति करणाऱ्यांनीं तूसँला फसविलें, आणि सत्ता हातीं येतांच त्यानेंही आपल्या बांधवांस दिलेलें वचन अर्धेंच पाळलें. म्हणून जुलमी धनी गेला एवढ्यावर संतोष न मानितां, त्याच्या गादीवर जो बसला तो मजुराशीं कसा वागतो, हेंच आपण आधीं पाहावें.