कॉनरॅड वॉडिंग्टन

डोळ्याच्या आणि यकृताच्या पेशींत डीएनए एकच असतो. मग त्यांची कामे वेगळी का? हा प्रश्न नीट मांडणाऱ्या शास्त्रज्ञाचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

वॉडिंग्टन यांचा जन्म १९०५ साली इंग्लंडमध्ये झाला. बालपणीची काही वर्षे दक्षिण भारतातील चहाच्या मळ्यावर गेली. केंब्रिजमध्ये भूगर्भशास्त्र शिकून ते जीवशास्त्राकडे वळले. १९४२ मध्ये त्यांनी ‘एपिजेनेटिक्स’ हा शब्द दिला. उतारावरून घरंगळणारी गोटी एखाद्या दरीत उतरते, तशी वाढणारी पेशी आपली वाट धरते, असे चित्र त्यांनी १९५७ मध्ये मांडले. पण नको असलेली जनुके गप्प कशी राहतात, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

१९७५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी डीएनएवरील मिथाइल खुणा जनुकांचे नियंत्रण करत असाव्यात, ही कल्पना पुढे आली. डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. जनुकाच्या आरंभाशी या खुणा लागल्या आणि गुंडाळी घट्ट झाली, की ते जनुक सहसा गप्प राहते, हे आज आपण जाणतो.

उत्तर पुढच्या पिढीला सापडले, तरी प्रश्न वॉडिंग्टन यांचा होता. म्हणून मुलांनी वर्गात निःसंकोच प्रश्न विचारावेत आणि पालकांनी ते ऐकून घ्यावेत, एवढीच आमची अपेक्षा.