पानिपतच्या पराभूतांचा आश्रयदाता : महाराजा सूरजमल

पिंपरी-चिंचवडमधील कासारवाडीपासून भोसरी, चाकणपर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यात रोजगारासाठी आलेली हरियाणा, राजस्थान आणि पश्चिम उत्तर प्रदेशातील अनेक कुटुंबे आता मराठी शेजाऱ्यांबरोबर रुळली आहेत. पानिपत हे या दोन्ही शेजाऱ्यांच्या इतिहासातील सामाईक नाव. मराठी माणसासाठी ते एका पिढीच्या संहाराचे प्रतीक आहे. भरतपूर-मथुरेकडच्या माणसाला मात्र पानिपताबरोबर आणखी एक गोष्ट आठवते. त्या युद्धातून वाचलेले हजारो मराठे उपाशी, जखमी अवस्थेत त्याच्या मुलखात आले आणि तेथील राजाने त्यांना आसरा दिला, ही ती गोष्ट. तो राजा म्हणजे भरतपूरचे महाराजा सूरजमल. ज्या मराठ्यांनी सात वर्षांपूर्वी त्यांच्या किल्ल्याला वेढा घातला होता आणि ज्यांनी युद्धापूर्वी त्यांचा सल्ला धुडकावला होता, त्याच मराठ्यांसाठी त्यांनी आपले दरवाजे उघडले.

सूरजमल यांचा जन्म १३ फेब्रुवारी १७०७ रोजी झाला, असे परंपरेने मानले जाते. त्यानंतर काही दिवसांतच अहमदनगरजवळ औरंगजेबाचा मृत्यू झाला आणि मोगल साम्राज्याच्या घसरणीला वेग आला. आग्रा-मथुरा परिसरातील जाट शेतकऱ्यांचा मोगल सत्तेशी संघर्ष मात्र त्याआधीच पेटला होता. जाचक सारा आणि फौजदारांची जुलूम-जबरदस्ती यांविरुद्ध १६६९ मध्ये गोकुळ जाट याने बंड पुकारले. तिलपत येथील लढाईत त्याचा पराभव झाला आणि १६७० च्या प्रारंभी आग्र्यात त्याला ठार मारण्यात आले. पुढे सिनसिनी गावच्या राजाराम जाट याने आग्र्याच्या परिसरात मोगलांना सळो की पळो करून सोडले. सिकंदरा येथील अकबराची कबरही त्याच्या माणसांनी लुटली. राजारामनंतर चूडामण याने हा लढा चालवला. दक्षिणेत मराठे ज्या बादशहाशी झुंजत होते, त्याच बादशहाला राजधानीच्या उंबरठ्यावर जाटांनी स्वस्थ बसू दिले नव्हते.

चूडामणच्या मृत्यूनंतर घरात फूट पडली. त्याचा पुतण्या बदनसिंह याने जयपूरचे सवाई जयसिंह यांच्याशी जुळवून घेतले. १७२२ मध्ये थूनचा किल्ला पडला आणि जाटांचे नेतृत्व बदनसिंहांकडे आले. लूटमार आणि बंडखोरी यांवर राज्य उभे राहत नाही, हे त्यांनी ओळखले होते. डीग ही त्यांची राजधानी झाली. दृष्टी अधू होत गेल्यावर त्यांनी राज्याचा कारभार सूरजमल यांच्या हाती सोपविला. १७५६ मध्ये बदनसिंहांचे निधन झाले, तेव्हा सूरजमल यांचे राजेपण केवळ औपचारिक उरले होते. प्रत्यक्षात ते कितीतरी वर्षे राज्य चालवीतच होते.

मातीचे किल्ले, पक्का हिशेब

सूरजमल हे प्रथमतः शेतकऱ्यांचे राजे होते. आपल्या मुलखातील पीक, पाणी आणि सारा यांचा हिशेब त्यांना चांगला ठाऊक होता. शेजारी राज्ये कर्जात बुडत असताना भरतपूरचा खजिना भरलेला असे. या पैशांतून त्यांनी किल्ले बांधले. डीग आणि कुंभेर येथील कोट भक्कम झाले आणि भरतपूरला लोहागड उभा राहिला. मातीच्या रुंद भिंती आणि भोवती पाण्याने भरलेला खंदक, अशी त्याची रचना होती. दगडी तट तोफेच्या माऱ्याने फुटतो. मातीच्या जाड तटात मात्र गोळा रुतून बसतो. हे साधे तत्त्व पुढे फार मोलाचे ठरले. युद्धाची धामधूम चालू असतानाच डीग येथे तलाव, कारंजी आणि बागांनी वेढलेले देखणे महालही त्यांच्या काळात आकाराला आले. सूदन या कवीने त्यांच्या पराक्रमांवर व्रजभाषेत सुजानचरित्र हे काव्य रचले.

रणांगणावरही त्यांचे नाव लवकरच गाजले. ऑगस्ट १७४८ मध्ये जयपूरच्या गादीवरून बगरू येथे लढाई झाली. ईश्वरीसिंह आणि माधोसिंह या भावांमधील हा तंटा होता. माधोसिंहाच्या बाजूला मल्हारराव होळकरांची मराठी फौज आणि अनेक राजपूत संस्थानिक होते, तर ईश्वरीसिंहाच्या बाजूने सूरजमल लढले. त्यांच्या शौर्याची तेथे मोठी वाहवा झाली. १७५० च्या आरंभी त्यांनी मोगल मीर बक्षी सलाबतजंग याला कोंडीत पकडून तह करण्यास भाग पाडले. १७५३ मध्ये वजीर सफदरजंग आणि बादशहा यांच्यात यादवी माजली. सूरजमल यांनी सफदरजंगाची बाजू घेतली आणि त्यांच्या फौजांनी जुनी दिल्ली लुटली. दिल्लीकरांच्या स्मरणात ही घटना जाटगर्दी म्हणून राहिली. त्या लुटीत सामान्य नागरिकांचे अपार हाल झाले. सूरजमल यांच्या चरित्राची ही काळी बाजू दृष्टीआड करता येणार नाही.

कुंभेरचा वेढा

मराठ्यांशी त्यांचा थेट सामना झाला तो १७५४ मध्ये. रघुनाथरावांच्या नेतृत्वाखाली उत्तरेत आलेल्या मराठी फौजांनी जाटांकडे प्रचंड खंडणी मागितली. बोलणी फिसकटली आणि जानेवारीत कुंभेरला वेढा पडला. मल्हारराव होळकर आणि दिल्लीचा गाजीउद्दीन हेही त्यात सामील होते. सुमारे चार महिने वेढा चालला, पण किल्ला काही हाती येईना. मार्च महिन्यात किल्ल्यावरून सुटलेल्या गोळ्याने मल्हाररावांचे एकुलते एक पुत्र खंडेराव ठार झाले. खंडेरावांच्या पत्नी अहिल्याबाई सती जाण्यास निघाल्या होत्या. शोकाकुल सासऱ्यांनी विनवणी करून त्यांना परावृत्त केले. पुढे तीस वर्षे माळव्याचा आदर्श कारभार करणाऱ्या अहिल्याबाईंचे आयुष्य त्या दिवशी कुंभेरच्या तटाखाली बदलले.

पुत्रशोकाने संतप्त झालेल्या मल्हाररावांनी जाटांचा निर्वंश करण्याची प्रतिज्ञा केली, असे सांगतात. या संकटात सूरजमल यांची राणी किशोरी यांनी मुत्सद्देगिरी दाखविली. होळकर आणि शिंदे यांच्यातील स्पर्धा त्यांना ठाऊक होती. त्यांनी विश्वासू माणसाकरवी जयाप्पा शिंदे यांच्याकडे सूरजमल यांची पगडी पाठविली आणि बंधुत्वाचे नाते जोडले, अशी परंपरा आहे. जयाप्पांनी शब्द दिला आणि समेटाला वाट मिळाली. अखेर मे महिन्यात तीस लाख रुपये हप्त्यांनी देण्याच्या बोलीवर तह झाला. खंडेरावांची छत्री कुंभेरजवळ गांगरसोली येथे आजही उभी आहे.

धुडकावलेला सल्ला

१७५७ मध्ये अहमदशाह अब्दालीने दिल्ली लुटून मोर्चा व्रजभूमीकडे वळविला. सूरजमल यांचे पुत्र जवाहरसिंह यांनी मथुरेच्या वाटेवर चौमुहा येथे त्याला अडविण्याचा प्रयत्न केला, पण अफगाण सैन्यापुढे त्यांचा निभाव लागला नाही. मथुरा-वृंदावनात भीषण कत्तल झाली. सूरजमल स्वतः किल्ल्यात राहिले, खंडणीची बोलणी लांबवीत राहिले आणि उन्हाळा व रोगराई यांनी अब्दालीला परत फिरायला लावले. उघड्या मैदानात अब्दालीशी गाठ घालू नये, त्याला वेळ आणि उन्हाळा यांच्याकडून हरवावे, हा धडा ते या मोहिमेतून शिकले. त्याची किंमत मात्र मथुरेच्या रहिवाशांनी मोजली होती.

हाच अनुभव त्यांनी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंसमोर मांडला. त्या वर्षी जानेवारीत बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे धारातीर्थी पडले होते आणि भाऊ मोठी फौज घेऊन उत्तरेत उतरले होते. मल्हारराव आणि शिंदे यांच्या आश्वासनावर सूरजमल त्यांना येऊन मिळाले. बायका-मुले, बाजारबुणगे आणि जड तोफखाना चंबळेपलीकडे किंवा जाटांच्या एखाद्या किल्ल्यात ठेवावा; सड्या फौजेनिशी गनिमी काव्याने शत्रूची रसद तोडावी आणि उन्हाळा येईपर्यंत त्याला झुलवावे, असा त्यांचा सल्ला होता. मल्हाररावांचेही मत याहून फार वेगळे नव्हते. मात्र उदगीरच्या विजयात कवायती तोफखान्याची ताकद पाहिलेल्या भाऊंना तो पटला नाही.

ऑगस्टच्या प्रारंभी दिल्ली मराठ्यांच्या हाती आली, पण मतभेद वाढतच गेले. सैन्याच्या पगारासाठी पैसा नव्हता, म्हणून लाल किल्ल्यातील दिवाण-ए-खासचे चांदीचे छत उतरवून वितळविण्यात आले. सूरजमल यांना ते रुचले नाही. गाजीउद्दीनला वजिरी मिळावी, ही त्यांची इच्छा मानली गेली नाही. दिल्लीच्या कारभारात आपल्याला स्थान नाही, हे कळून चुकल्यावर ते आपल्या फौजेसह निघून गेले. ऐन वेळी साथ सोडली, हा आरोप मराठी मनात त्यांच्यावर दीर्घकाळ राहिला. त्यांच्या जाण्याने भाऊंनी परिसराची माहिती असलेला मित्र आणि धान्याचा हक्काचा पुरवठा गमावला, यात शंका नाही. मात्र ते अब्दालीला जाऊन मिळाले नाहीत, हेही तितकेच खरे. डिसेंबरपर्यंत पानिपतावरील मराठी छावणीची उपासमार सुरू झाली. भाऊंना दिलेल्या सल्ल्यातील एकेक इशारा खरा ठरत होता.

दार उघडले

१४ जानेवारी १७६१ रोजी जे व्हायचे ते झाले. विश्वासराव आणि भाऊ पडले, लाखाची छावणी उधळली आणि वाचलेले लोक दक्षिणेच्या दिशेने धावत सुटले. थंडीचे दिवस होते. अंगावर धड वस्त्र नाही, पोटात अन्न नाही, वाटेत लुटारूंची भीती, अशा अवस्थेत हे लोक जाटांच्या मुलखात पोहोचले. तेथे त्यांना जगण्याची आशा दिसली. सूरजमल आणि राणी किशोरी यांनी त्यांच्यासाठी अन्न, कपडे आणि औषधोपचारांची सोय केली, प्रवासासाठी पैसे व शिधा दिला आणि ग्वाल्हेरच्या दिशेने सुखरूप रवानगी केली. या पाहुणचारावर दहा लाख रुपयांच्या घरात खर्च झाल्याचा अंदाज इतिहासकारांनी नोंदविला आहे.

आश्रय घेणाऱ्यांत सामान्य शिपाई होते, बाजारबुणगे होते, ब्राह्मण कारकून होते, तशी मोठी माणसेही होती. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई याच वाटेने ग्वाल्हेरला गेल्या. पुढे मराठेशाहीचा गाडा चाळीस वर्षे ओढणारे नाना फडणीस तेव्हा वयाची एकोणीस वर्षेही पूर्ण न झालेले तरुण होते. पानिपतावरून ते वेषांतर करून निसटले आणि डीगमार्गे सुखरूप परतले. बाजीराव-मस्तानीचे पुत्र समशेरबहादूर जखमी अवस्थेत आले. उपचार होऊनही ते वाचले नाहीत आणि जाटांच्या मुलखातच त्यांचे दफन झाले.

हे औदार्य बिनधोक नव्हते. अब्दाली अद्याप दिल्लीत होता, नजीबखान रोहिला त्याच्या जोडीला होता आणि जाटांकडे खंडणीचा तगादा सुरूच होता. पराभूत मराठ्यांना थारा देणे म्हणजे विजेत्याचा रोष ओढवून घेणे होते. मराठ्यांची सदिच्छा पुढे उपयोगी पडेल, असा विचार सूरजमल यांनी केला असेलही. पण पानिपतानंतरच्या त्या आठवड्यांत मराठ्यांकडे देण्यासारखे काहीच उरले नव्हते. आयुष्यभर नफा-तोटा पाहून पावले टाकणाऱ्या या राजाने त्या वेळी शत्रुत्व, अपमान आणि खंडणी यांचा जुना हिशेब काढला नाही.

हिंडनच्या काठावर

अब्दाली परतल्यावर सूरजमल यांनी जून १७६१ मध्ये आग्र्याचा किल्ला जिंकला. गोकुळाला जेथे मारण्यात आले, त्याच शहरावर आता जाटांचे निशाण फडकले. मथुरा, अलीगढ, मेवात, गुडगाव, रोहतक असा विस्तीर्ण प्रदेश त्यांच्या अमलाखाली आला. १७६३ मध्ये फर्रुखनगर घेतल्यानंतर नजीबखानाशी संघर्ष अटळ झाला. दिल्लीजवळ हिंडन नदीच्या परिसरात फौजा भिडल्या. २५ डिसेंबर १७६३ रोजी मोजके स्वार घेऊन पुढे गेले असताना दबा धरून बसलेल्या रोहिल्यांनी त्यांना गाठले आणि ते मारले गेले. इतरांना सदैव सावधगिरी शिकवणारा हा राजा एका क्षणाच्या बेसावधपणाला बळी पडला. गोवर्धनजवळ कुसुम सरोवराच्या काठी जवाहरसिंहांनी त्यांची देखणी छत्री उभारली.

पानिपताच्या वेळी जोडलेला स्नेह त्यांच्याबरोबर संपला नाही. पित्याचा सूड घेण्यासाठी जवाहरसिंहांनी दिल्लीत नजीबखानाला घेरले, तेव्हा मदतीस मल्हारराव होळकरांची फौज होती. १८०४-०५ मध्ये इंग्रजांनी यशवंतराव होळकरांचा पाठलाग केला, तेव्हा सूरजमल यांचे पुत्र रणजितसिंह यांनी त्यांना भरतपुरात आश्रय दिला. जनरल लेकने लोहागडावर चार वेळा हल्ला चढविला. त्याचे तीन हजारांहून अधिक सैनिक ठार वा जखमी झाले, पण मातीचा तट पडला नाही. पन्नास वर्षांपूर्वी होळकरांचा वारस ज्यांच्या तोफेने गेला होता, त्यांनीच होळकरांच्या वंशजासाठी इंग्रजांचे गोळे झेलले.

डिसेंबर २०१९ मध्ये पानिपत हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला, तेव्हा त्यातील सूरजमल यांच्या चित्रणावरून राजस्थानात निदर्शने झाली आणि निर्मात्यांना काही दृश्ये वगळावी लागली. मदतीच्या बदल्यात सौदा करणारा राजा ही प्रतिमा भरतपूरच्या लोकांना मान्य नव्हती. दर वर्षी मकर संक्रांतीला पानिपताच्या वीरांचे स्मरण होते. त्या रणातून जे जिवंत परतले, त्यांच्यापैकी कित्येकांच्या वाटेवर डीग आणि भरतपूर होते. त्यांचे वंशज आज महाराष्ट्रभर विखुरले आहेत; त्यांच्या घराण्यांचा इतिहास पुढे सुरू राहिला, त्यात कोणे एके काळी जाटांच्या मुलखात मिळालेल्या अन्नाचा आणि पांघरुणाचाही वाटा आहे.