कागदी यंत्राची चाल

१९५२ सालच्या एका बुद्धिबळाच्या डावाने सध्या माझे डोके खाल्ले आहे. स्थळ मँचेस्टर. एका बाजूला अ‍ॅलिक ग्लेनी हा संगणकावर काम करणारा तरुण, दुसऱ्या बाजूला अ‍ॅलन ट्युरिंग. पण ट्युरिंग स्वतःचा डाव खेळतच नव्हता. त्याने नि त्याचा मित्र चँपरनाउन याने १९४८च्या सुमारास यंत्रासाठी बुद्धिबळाचे नियम बांधले होते. ते पेलणारा संगणक मात्र हाताशी नव्हता. मग ट्युरिंगच कागद-पेन्सिल घेऊन यंत्र झाला. प्याद्याला १ गुण, घोड्याला ३, उंटाला साडेतीन, हत्तीला ५, वजिराला १०. शक्य ती प्रत्येक चाल, तिच्यावरचे प्रत्येक उत्तर, मग बेरीज-वजाबाकी. एकेका चालीला अर्धा तास! स्वतःला बरी चाल दिसली तरी नियम सांगतील तीच खेळायची. २९ चालींत 'यंत्र' हरले.

या डावाची आठवण झाली ती नातवामुळे. तो संगणकावर 'फॉलआउट' नावाचा १९९७ सालचा जुना खेळ खेळतो. अणुयुद्धानंतरच्या उजाड अमेरिकेत आपले पात्र हिंडते, भेटेल त्याच्याशी बोलते. काय बोलायचे त्याच्या काही ओळी पडद्यावर येतात, त्यांतली एक आपण निवडायची. मात्र आरंभीच पात्राला बुद्धीचे १ ते १० यांपैकी गुण द्यावे लागतात. मी गंमत म्हणून ३ दिले. झाले! माझ्या तोंडी नुसते तुटक हुंकार आले आणि समोरची माणसे मला वेड्यात काढू लागली. मला सगळे कळत होते, पण कळलेले बोलायला ओळच नव्हती. छत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला हे अगदीच नवे नाही म्हणा. समोरच्याची अडचण पुरती उमगलेली असते आणि छापील अर्जात तिच्यासाठी रकाना नसतो.

ट्युरिंगचे वडील मद्रास इलाख्यात आयसीएस अधिकारी, आई मद्रास रेल्वेच्या मुख्य अभियंत्याची मुलगी. अ‍ॅलन जन्मला लंडनला, २३ जून १९१२ रोजी. आईवडील हिंदुस्थानात आणि पोरे तिकडे परक्यांच्या घरी, असे ते बालपण. शाळेतला जिवलग मित्र ख्रिस्तोफर मॉर्कम १९३० साली क्षयाने गेला. १९३६ साली, चोविशीत, ट्युरिंगने फितीवरची चिन्हे वाचत ठरल्या नियमांनी चालणारे यंत्र कल्पिले. आजचा संगणक त्याच वंशातला. युद्धात त्याने ब्लेचली पार्कमध्ये जर्मन आरमाराच्या 'एनिग्मा'चे सांकेतिक संदेश फोडले, पण त्याबद्दल अवाक्षर काढायची मुभा नव्हती.

१९५० साली त्याने, यंत्र माणूस म्हणून खपेल काय, यावर निबंध लिहिला. त्यातल्या नमुन्याच्या संवादात उत्तर देणारा एका बेरजेला अर्धे मिनिट घेतो. जन्मभर ताळेबंद जुळवलेला मी. पेन्सिलीने ती बेरीज करून पाहिली. उत्तर शंभराने चुकले आहे! माणूस वाटायचे तर यंत्राने मुद्दाम चुका कराव्यात, हे पुढे त्याच निबंधात येते.

ग्लेनीशी डाव झाला त्याच वर्षी, जानेवारीत, ट्युरिंगच्या घरी चोरी झाली. चोर त्याच्या तरुण मित्राच्या ओळखीचा निघाला. त्या मित्राचे नाव लपवायला ट्युरिंगने पोलिसांपुढे थाप मारली, पण ती लंगडी होती. हटकताच त्याने सारे कबूल केले आणि पाच पानी जबाब लिहून दिला. यंत्राला चुकीची उत्तरे शिकवणाऱ्याला स्वतःला एक खोटे धड बोलता आले नाही.

पुरुषांमधले शरीरसंबंध इंग्लंडात तेव्हा गुन्हा होते. मार्चअखेर खटला उभा राहिला. त्याच्यापुढे दोनच ओळी होत्या: तुरुंग, नाहीतर वर्षभर स्त्री-संप्रेरकांचा उपचार. याच्या बुद्धीला कोणी किती गुण दिले असते? ओळी दोनच. त्याने दुसरी निवडली. सरकारी गुप्तलेखनाचे कामही बंद झाले. ७ जून १९५४ रोजी, एक्केचाळिसाव्या वर्षी, तो सायनाइडने गेला. चौकशीत आत्महत्या ठरली. आईने ते कधी मानले नाही, प्रयोग करताना झालेला अपघात असेच ती म्हणत राहिली.

२०१३ साली राणीने त्याला माफी दिली. २०२१ साली त्याची छबी ५० पौंडांच्या नोटेवर आली. लेकीने तिकडून आणलेली ती नोट मी पाहिली. चित्रात एक फीत आहे, तिच्यावर त्याची जन्मतारीख शून्य-एकच्या भाषेत छापली आहे. जुन्या सवयीने मी नोट उजेडाकडे धरली, उलटून पाहिली आणि परत दिली.