फॉग ॲलन

फॉरेस्ट क्लेअर ॲलन ऊर्फ फॉग ॲलन (१८ नोव्हेंबर, १८८५ : जेम्सपोर्ट, मिसूरी, अमेरिका – १६ सप्टेंबर, १९७४ : लॉरेन्स, कॅन्सस, अमेरिका) हे अमेरिकन बास्केटबॉल प्रशिक्षक होते. कॅन्सस विद्यापीठाच्या पुरुष संघाचे ते ३९ हंगाम मुख्य प्रशिक्षक होते आणि या काळात संघाने ५९० सामने जिंकले. बास्केटबॉलचे जनक जेम्स नेस्मिथ यांचे ते विद्यार्थी, तर केंटकी विद्यापीठाचे अडॉल्फ रुप आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे डीन स्मिथ यांचे ते गुरू होत. बास्केटबॉल प्रशिक्षणाला स्वतंत्र व्यवसायाचे स्वरूप देण्यात त्यांचा मोठा वाटा असल्याने अमेरिकेत त्यांना बास्केटबॉल प्रशिक्षणाचे जनक म्हटले जाते.

अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळात खेळाडू साधारण चार वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडतात. त्यामुळे एखाद्या गुणी पिढीच्या जोरावर मिळालेले यश तिच्याबरोबरच ओसरण्याची शक्यता असते. कॅन्ससचा संघ मात्र शंभरहून अधिक वर्षे अग्रगण्य संघांत गणला जातो. या सातत्याचा पाया ॲलन यांच्या कारकिर्दीत घातला गेला.

सुरुवातीचे जीवन

ॲलन यांचे बालपण मिसूरी राज्यातील इंडिपेंडन्स या गावी गेले. त्यांचे भाऊही बास्केटबॉल खेळत. तरुणपणी ते बेसबॉलच्या सामन्यांत पंचाचे काम करीत. धुक्यात जहाजांना इशारा देण्यासाठी वाजवल्या जाणाऱ्या भोंग्यासारखा त्यांचा आवाज खणखणीत असल्याने धुके या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून त्यांना 'फॉग' हे टोपणनाव पडले. पुढे हेच नाव रूढ झाले.

१९०५ साली कॅन्सस सिटी ॲथलेटिक क्लब आणि न्यू यॉर्क राज्यातील बफेलो जर्मन्स या त्या काळच्या नामांकित संघांत तीन सामन्यांची मालिका झाली. तिला जागतिक अजिंक्यपदाची लढत म्हणून प्रसिद्धी देण्यात आली होती. या मालिकेच्या आयोजनात अवघ्या एकोणीस वर्षांच्या ॲलन यांचा पुढाकार होता. ते स्वतः कॅन्सस सिटीकडून खेळले आणि त्यांच्या संघाने मालिका २-१ अशी जिंकली.

नेस्मिथ यांचे शिष्यत्व

जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१मध्ये मॅसेच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे हिवाळ्यात बंदिस्त जागेत खेळता यावा म्हणून बास्केटबॉल हा खेळ तयार केला. १८९८ साली ते कॅन्सस विद्यापीठात रुजू झाले आणि तेथील संघाचे पहिले प्रशिक्षक बनले. त्यांच्या दृष्टीने हा खेळ मुख्यतः व्यायामाचे आणि चारित्र्यघडणीचे साधन होता. सामने जिंकण्यासाठी खास शिकवणी द्यावी असे त्यांना वाटत नसे. त्यांच्या कारकिर्दीत कॅन्ससने ५५ सामने जिंकले आणि ६० गमावले. विद्यापीठाच्या इतिहासात विजयांपेक्षा पराभव अधिक असलेले ते एकमेव मुख्य प्रशिक्षक आहेत.

ॲलन कॅन्ससमध्ये नेस्मिथ यांच्या हाताखाली खेळले. जवळच्या बेकर विद्यापीठाने त्यांना प्रशिक्षकपद देऊ केले, तेव्हा हा खेळ शिकवण्याचा नसून केवळ खेळण्याचा आहे असे नेस्मिथ यांनी त्यांना हसत सांगितल्याची आख्यायिका आहे. ॲलन यांचे मत याच्या नेमके उलट होते. चेंडू कसा धरावा, पाय कसे हलवावेत आणि बचाव कसा करावा या गोष्टी पद्धतशीर सरावाने शिकवता येतात, असा त्यांचा विश्वास होता. हा मतभेद असूनही गुरुशिष्यांतील स्नेह १९३९मध्ये नेस्मिथ यांचे निधन होईपर्यंत टिकून राहिला.

प्रशिक्षक म्हणून सुरुवात

बेकर विद्यापीठाची जबाबदारी सांभाळत असतानाच १९०७मध्ये ॲलन कॅन्ससचे मुख्य प्रशिक्षक झाले. १९०८-०९च्या हंगामात त्यांनी लॉरेन्समधील हॅस्केल इन्स्टिट्यूट या मूलनिवासी अमेरिकन विद्यार्थ्यांच्या संस्थेच्या संघालाही मार्गदर्शन केले. १९०९मध्ये कॅन्सस सोडून ते हाडे, सांधे आणि स्नायूंच्या हस्तोपचारांवर भर देणाऱ्या ऑस्टिओपॅथी या उपचारपद्धतीच्या शिक्षणाकडे वळले. हे शिक्षण पूर्ण केल्यावर १९१२ ते १९१९ या काळात त्यांनी मिसूरीतील वॉरन्सबर्ग येथील अध्यापक महाविद्यालयात प्रशिक्षक म्हणून काम केले.

ऑस्टिओपॅथीच्या शिक्षणाचा त्यांच्या पुढील कामावर खोल परिणाम झाला. खेळाडूंची पावले, घोटे, झोप आणि आहार यांकडे ते बारकाईने लक्ष देत आणि दुखापतींवर स्वतः उपचार करीत. त्यामुळे त्यांचे खेळाडू त्यांना 'डॉक्टर' या अर्थाने 'डॉक' म्हणून संबोधत.

कॅन्ससमधील दुसरी कारकीर्द

१९१९ साली ॲलन कॅन्ससला परतले ते क्रीडा संचालक म्हणून. त्याच हंगामापासून बास्केटबॉल संघाची सूत्रेही त्यांच्याकडे आली आणि १९५६पर्यंत त्यांच्याकडेच राहिली. १९२०मध्ये त्यांनी एक हंगाम फुटबॉल संघालाही प्रशिक्षण दिले. ते क्रीडा संचालक असताना विद्यापीठाचे मेमोरियल स्टेडियम उभे राहिले आणि १९२३मध्ये कॅन्सस रिलेज ही मैदानी स्पर्धा सुरू झाली.

१९२२ आणि १९२३ या वर्षांतील त्यांच्या संघांना हेल्म्स फाउंडेशनने पुढे पूर्वलक्षी पद्धतीने राष्ट्रीय विजेते म्हणून मान्यता दिली. त्या काळी राष्ट्रीय पातळीवरील महाविद्यालयीन स्पर्धा अस्तित्वात नव्हती. ती सुरू झाल्यावर १९४० साली कॅन्ससने अंतिम फेरी गाठली, परंतु इंडियाना विद्यापीठाने त्यांना ६०-४२ असे हरवले.

शिकवलेले कौशल्य लिहून ठेवण्याकडेही ॲलन यांचा कल होता. त्यांचे 'माय बास्केट-बॉल बायबल' हे पुस्तक १९२४मध्ये, तर 'बेटर बास्केटबॉल' १९३७मध्ये प्रकाशित झाले. अशा पुस्तकांमुळे त्यांची पद्धत एका विद्यापीठापुरती मर्यादित न राहता शाळा-महाविद्यालयांतील इतर प्रशिक्षकांपर्यंत पोहोचली.

संघटनात्मक कार्य

१९२७मध्ये नियम समितीने ड्रिबल, म्हणजे चेंडूला टप्पे देत पुढे नेणे, एकाच टप्प्यापुरते मर्यादित करण्याचा प्रस्ताव मांडला. यामुळे खेळाचे स्वरूपच पालटले असते. ॲलन यांनी देशभरातील प्रशिक्षकांना एकत्र आणून त्याला विरोध केला आणि प्रस्ताव मागे घेण्यात आला. याच चळवळीतून नॅशनल असोसिएशन ऑफ बास्केटबॉल कोचेस ही संघटना स्थापन झाली. ॲलन तिचे पहिले अध्यक्ष होते. याच संघटनेने १९३९मध्ये पहिली राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धा भरवली. तीत तोटा आल्यावर पुढील वर्षापासून ती एन.सी.ए.ए. या संस्थेकडे गेली. १९४०चा अंतिम सामना कॅन्सस सिटीत झाला आणि स्पर्धा नफ्यात आली.

बास्केटबॉलचा ऑलिंपिकमध्ये समावेश व्हावा यासाठी ॲलन यांनी अनेक वर्षे पाठपुरावा केला. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथमच पदकांसाठी खेळवण्यात आला. वृद्ध नेस्मिथ यांना तो सोहळा पाहता यावा म्हणून प्रशिक्षकांच्या संघटनेने निधी उभारला आणि त्यांना बर्लिनला पाठवले.

ॲलन यांची काही मते त्या काळी वादग्रस्त ठरली. बास्केट १० फुटांऐवजी १२ फूट उंचीवर असावी असा आग्रह त्यांनी दीर्घकाळ धरला. तो कधीच मान्य झाला नाही. महाविद्यालयीन सामन्यांवर सट्टेबाजांचे सावट असल्याचा इशारा त्यांनी १९४४मध्ये दिला होता. १९५१मध्ये सामन्यांतील गुणफरक ठरवून देण्याचे मोठे प्रकरण उघडकीस आले आणि हा इशारा खरा ठरला. त्यात त्यांचे शिष्य रुप यांच्या केंटकी संघाचे खेळाडूही अडकले आणि केंटकीला १९५२-५३चा संपूर्ण हंगाम खेळता आला नाही.

१९५२चे अजिंक्यपद

१९४८च्या सुमारास ॲलन यांनी इंडियाना राज्यातील टेर होट येथील क्लाइड लव्हलेट या उंच खेळाडूला कॅन्ससमध्ये आणले. ही तुकडी १९५२मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद आणि ऑलिंपिक सुवर्णपदक दोन्ही जिंकेल, असे आश्वासन त्यांनी खेळाडूंना आधीच दिले होते असे सांगितले जाते. सिॲटल येथील अंतिम सामन्यात कॅन्ससने सेंट जॉन्सचा ८०-६३ असा पराभव केला. लव्हलेट यांनी त्यात ३३ गुण नोंदवले. त्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकसाठी निवडलेल्या अमेरिकेच्या संघात कॅन्ससचे सात खेळाडू होते आणि ॲलन साहाय्यक प्रशिक्षक होते. अमेरिकेने अंतिम सामन्यात सोव्हिएत संघाला ३६-२५ असे हरवून सुवर्णपदक मिळवले.

लव्हलेट गेल्यावरही १९५३मध्ये कॅन्सस पुन्हा अंतिम फेरीत पोहोचला. या वेळी इंडियानाने त्यांना ६९-६८ अशा केवळ एका गुणाने हरवले.

वर्णभेदाचा काळ

ॲलन यांच्या कारकिर्दीतील बहुतांश वर्षे कॅन्ससचा संघ केवळ गोऱ्या खेळाडूंचा होता. १९३३ ते १९३६ या काळात जॉन मॅक्लेन्डन हे कृष्णवर्णीय विद्यार्थी कॅन्ससमध्ये नेस्मिथ यांच्या मार्गदर्शनाखाली शारीरिक शिक्षण शिकत होते, पण त्यांना विद्यापीठाच्या संघात खेळण्याची मुभा नव्हती. पुढे मॅक्लेन्डन यांनी टेनेसी ए अँड आय या संघाला १९५७ ते १९५९ अशी सलग तीन राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवून दिली आणि ते वेगवान खेळाचे एक प्रवर्तक मानले गेले. कॅन्ससच्या परिसरात घडलेल्या या थोर प्रशिक्षकाचा लाभ कॅन्ससच्या संघाला झाला नाही. लव्हॅनिस स्क्वायर्स हे १९५०च्या दशकाच्या आरंभी कॅन्ससकडून खेळणारे पहिले कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू ठरले.

ॲलन फील्डहाउस आणि निवृत्ती

कॅन्ससचे घरचे सामने १९२७पासून हॉक सभागृहात होत. ही वास्तू मुख्यतः सभा आणि संगीताच्या कार्यक्रमांसाठी बांधलेली होती. प्रतिस्पर्धी कॅन्सस स्टेट विद्यापीठाने १९५०मध्ये प्रशस्त क्रीडागृह उभारल्यावर लॉरेन्समधील जागेची उणीव अधिकच जाणवू लागली. नव्या क्रीडागृहाचे उद्घाटन १ मार्च, १९५५ रोजी झाले आणि कॅन्ससने त्या दिवशी कॅन्सस स्टेटलाच ७७-६७ असे हरवले. ॲलन अद्याप प्रशिक्षकपदावर असतानाच क्रीडागृहाला त्यांचे नाव देण्यात आले.

त्याच वर्षी फिलाडेल्फियाचा विल्ट चेंबरलेन हा देशातील सर्वाधिक मागणी असलेला शालेय खेळाडू कॅन्ससमध्ये दाखल झाला. तत्कालीन नियमानुसार पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघातून खेळता येत नसे. दुसरीकडे विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे वयाच्या ७०व्या वर्षी निवृत्ती सक्तीची होती आणि ॲलन यांनी नोव्हेंबर १९५५मध्ये सत्तरी पूर्ण केली. मुदतवाढीसाठी केलेले प्रयत्न असफल झाले. १९५६मध्ये ते निवृत्त झाले आणि चेंबरलेन यांना मुख्य संघात खेळवण्याची संधी त्यांना मिळाली नाही. निवृत्तीच्या वेळी महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये सर्वाधिक विजय त्यांच्या नावावर होते.

त्यांच्या जागी त्यांचेच माजी खेळाडू आणि साहाय्यक डिक हार्प यांची नेमणूक झाली. १९५७मध्ये हार्प यांच्या संघाने चेंबरलेन यांच्यासह अंतिम फेरी गाठली, मात्र नॉर्थ कॅरोलायनाने तीन जादा डावांनंतर ५४-५३ असा विजय मिळवला. निवृत्तीनंतर ॲलन लॉरेन्समध्ये ऑस्टिओपॅथीचा व्यवसाय करीत राहिले. १९५९मध्ये नेस्मिथ बास्केटबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. १६ सप्टेंबर, १९७४ रोजी वयाच्या ८८व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

शिष्यपरंपरा

ॲलन यांचे अनेक खेळाडू पुढे स्वतः नामवंत प्रशिक्षक झाले. १९२०च्या दशकातील संघात असलेले अडॉल्फ रुप यांनी केंटकीला चार एन.सी.ए.ए. अजिंक्यपदे मिळवून दिली आणि ॲलन यांचा विजयांचा विक्रम मोडला. १९५२च्या विजेत्या संघातील राखीव खेळाडू डीन स्मिथ यांनी नॉर्थ कॅरोलायनाला १९८२ आणि १९९३ची अजिंक्यपदे जिंकून दिली. १९९७मध्ये त्यांनी रुप यांचा ८७६ विजयांचा विक्रम मागे टाकला. राल्फ मिलर, डच लोनबोर्ग आणि जॉन बन हेही याच परंपरेतील होत. केंटकी आणि नॉर्थ कॅरोलायना हे कॅन्ससचे सर्वांत बलाढ्य प्रतिस्पर्धी अशा रीतीने ॲलन यांच्याच शिष्यांनी घडवले.

ही परंपरा पुढे कॅन्ससमध्येही परतली. स्मिथ यांच्या हाताखाली खेळलेले लॅरी ब्राउन यांनी १९८८मध्ये कॅन्ससला अजिंक्यपद मिळवून दिले. त्यांच्यानंतर स्मिथ यांचे साहाय्यक रॉय विल्यम्स प्रशिक्षक झाले.

वारसा

१८९८ ते २०२५ या काळात कॅन्ससला केवळ आठ मुख्य प्रशिक्षक लाभले. १९५२नंतर संघाने १९८८, २००८ आणि २०२२मध्ये एन.सी.ए.ए. अजिंक्यपद जिंकले. ही तिन्ही अजिंक्यपदे ॲलन यांच्या निवृत्तीनंतर तीन दशकांहून अधिक काळ लोटल्यावरची आहेत. दीर्घकाळ टिकणारे प्रशिक्षक, शिकवता येईल अशी पद्धत, त्याच पद्धतीत वाढलेले उत्तराधिकारी आणि कायमस्वरूपी क्रीडागृह या गोष्टी त्यांच्या काळात रुजल्या आणि त्यांच्या पश्चातही टिकल्या. संघ आजही ॲलन फील्डहाउसमध्येच खेळतो. तेथील खेळपट्टीला जेम्स नेस्मिथ यांचे नाव आहे. हा खेळ शिकवता येतो की नाही याबाबत मतभेद असलेल्या गुरुशिष्यांची नावे अशा प्रकारे एकाच वास्तूत नांदत आहेत.